झडप बसवली, पुढे काय? कृत्रिम झडपेच्या रुग्णांविषयी राज्याच्या आरोग्य खात्यास खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी यांस,

सविनय नमस्कार.

हृदयशस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर म्हणून हे पत्र लिहीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आज शेतमजुराच्या घरातल्या मुलीच्या हृदयातली खराब झालेली झडप तिच्या वडिलांकडून एक रुपयाही न घेता बदलली जाते, ही गोष्ट लहान नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने हे काम आठ जिल्ह्यांत सुरू झाले. त्याआधी शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकणारी आणि धर्मादाय संस्थांच्या दारात अर्ज घेऊन उभी राहणारी कुटुंबे माझ्या पिढीच्या प्रत्येक हृदयशल्यचिकित्सकाने पाहिलेली आहेत. माझी तक्रार योजनेने जे केले त्याबद्दल नसून ती जिथे थांबते त्या जागेबद्दल आहे. शस्त्रक्रियेचे पैसे देणारी ही व्यवस्था रुग्ण घरी गेल्यानंतर त्याच्यापासून जवळजवळ हात झटकते. परिणामी मोठा खर्च आणि मोठी जोखीम पत्करून वाचवलेली माणसे एका स्वस्त गोळीच्या आणि एका साध्या रक्तचाचणीच्या अभावी पुढे दगावतात किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतात.

हे रुग्ण कोण असतात, हे आधी सांगायला हवे. आपल्याकडे तरुण वयात झडप बदलावी लागण्याचे मोठे कारण ऱ्हुमॅटिक ताप हे आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूमुळे घसा दुखतो, त्यावर उपचार होत नाहीत, काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि ताप येतो, घरचे लोक वाढीचे दुखणे म्हणून ते सोडून देतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूशी लढता लढता हृदयाच्या झडपांवरच हल्ला करते. बहुधा हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात किंवा नीट मिटेनाशा होतात. दहा-पंधरा वर्षे कुणाला काही कळत नाही. मग पाण्याची घागर आणताना दम लागतो, रात्री उशाशी दोन उशा घ्याव्या लागतात, आणि पुष्कळदा पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणात हा आजार एकदम उघडा पडतो. दाटी असलेल्या घरांत, कमी जागेत अनेक माणसे झोपतात तिथे हा जिवाणू पसरतो, म्हणून हा आजार गरिबांच्या वाट्याला अधिक येतो. ज्या झडपा फुग्याने रुंद करता येतात किंवा टाके घालून दुरुस्त करता येतात त्या तशा कराव्यात, हे उत्तमच. परंतु रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा अनेकदा झडपेत कॅल्शियम साठून ती दगडासारखी झालेली असते आणि ती बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

बदलताना दोन पर्याय असतात. एक, गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून बनवलेली जैविक झडप. तिला बहुतेकदा आयुष्यभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागत नाहीत, पण ती झिजते, आणि वय जितके कमी तितकी लवकर झिजते. विशी-पंचविशीतल्या माणसाला ती बसवली तर पुन्हा छाती उघडण्याची वेळ येणार हे जवळजवळ ठरलेले असते. दुसरी धातू, कार्बन किंवा कणखर प्लास्टिकची यांत्रिक झडप. ती माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकते, मात्र तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागते, तीही जन्मभर. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९६० साली अल्बर्ट स्टार यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी दिसणारी झडप मायट्रलच्या जागी बसवली, तेव्हापासून ही अट यांत्रिक झडपेला चिकटलेली आहे आणि साठ वर्षांच्या संशोधनानंतरही ती सुटलेली नाही. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे तीन नमुने अपयशी ठरल्यावर चौथा नमुना सिद्ध केला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसला. परदेशी झडपेच्या तुलनेत कितीतरी कमी किमतीच्या या चित्रा झडपेने हजारो गरीब रुग्णांना आयुष्य दिले. तिची उघडझाप करणारी तबकडी प्लास्टिकची असल्यामुळे तिचा आवाजही फार होत नाही. इतर झडपांची टिकटिक रात्रीच्या शांततेत शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येते. म्हणजे कौशल्य आपल्याकडे होते आणि आहे. याच राज्यात, केईएम रुग्णालयात, १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले होते. अडचण शस्त्रक्रियागृहाच्या आत कधीच नव्हती.

अडचण कुठे आहे हे समजण्यासाठी त्या गोळीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल, ज्याला बहुतेक रुग्ण असिट्रोम या नावाने ओळखतात, ही औषधे रक्त गोठवणाऱ्या काही घटकांचे उत्पादन कमी करतात. प्रत्येकाला लागणारी मात्रा वेगळी. एकाला दिवसाला दोन मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला सहा लागतात, आणि तीच व्यक्ती आजारी पडली, उपाशी राहिली किंवा दुसरे एखादे औषध घेऊ लागली की तिची मात्रा बदलते. मात्रा बरोबर आहे की नाही हे सांगणारी एकच चाचणी आहे, पीटी-आयएनआर. निरोगी माणसाच्या तुलनेत रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे ती एका आकड्यात सांगते. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. मायट्रलच्या जागी यांत्रिक झडप असलेल्या रुग्णाचा तो साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान राहायला हवा. त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी होते, तबकडी अडकते, फुप्फुसात पाणी भरते आणि रुग्ण काही तासांत दगावू शकतो, किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन एक बाजू लुळी पडते. आकडा फार वर गेला तर हिरड्यांतून, लघवीतून, आणि सर्वांत वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव होतो. गोळीचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, त्यामुळे आज चुकलेल्या गोळीची शिक्षा आज मिळत नाही, आणि नेमके म्हणूनच ती चूक रुग्णाला चूक वाटत नाही.

ही चाचणी आकडा स्थिरावल्यावरही महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. आता गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या एखाद्या गावातून हे कसे साधायचे, याचा आपण विचार करावा. बऱ्याच तालुक्यांत विश्वासार्ह पीटी-आयएनआर केवळ खासगी प्रयोगशाळेत होते. सरकारी केंद्रात नमुना घेतलाच तर तो निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत, नळीवरच्या रेषेपर्यंत भरून घ्यावा लागतो. कमी भरला तर आकडा चुकतो, आणि चोवीस तासांच्या आत तपासला गेला नाही तरीही चुकतो. नमुने गोळा करून दूरच्या प्रयोगशाळेत नेण्याची पद्धत थायरॉइडच्या किंवा साखरेच्या चाचणीला चालून जाते, या चाचणीला चालत नाही. अहवाल हातात आला तरी तो वाचून मात्रा किती वाढवायची हे सांगणारे कुणी नसते, म्हणून रुग्णाला शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयाकडे बोट दाखवले जाते. एका आकड्यासाठी दोन दिवसांची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी. पहिले सहा महिने लोक हे करतात. मग दम लागेनासा होतो, बाई पुन्हा शेतावर जाऊ लागते, आणि बरी झालेली व्यक्ती औषध का घेते असा प्रश्न घरात कुणीतरी विचारतो.

चुका कशा घडतात ते एकदा शस्त्रक्रियेनंतरच्या बाह्यरुग्ण विभागात बसून ऐकावे. औषधाच्या दुकानात असिट्रोम नव्हती म्हणून दुकानदाराने तसलीच दुसरी गोळी म्हणून वॉर्फरिन दिली. दोन्हींच्या मात्रा एकमेकींशी जुळत नाहीत हे ना त्याला माहीत, ना रुग्णाला. एक मिलिग्रॅमच्या ऐवजी चार मिलिग्रॅमची पट्टी आली. गुडघे दुखतात म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढवणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन घेतले. दात काढायचा म्हणून कुणीतरी आठवडाभर गोळी बंद करायला सांगितली, आणि काढण्याआधी हृदयाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून जे प्रतिजैविक द्यायला हवे होते ते मात्र दिले नाही. क्षयरोग झाला आणि त्यावरचे रिफाम्पिसिन सुरू झाले. हे औषध वॉर्फरिनचा परिणाम इतका उतरवते की मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागू शकते, आणि सहा महिन्यांनी ते बंद होताच आकडा उसळी घेतो. क्षयरोगाचा कार्यक्रम राज्यभर शिस्तीने चालतो, पण त्या कार्यक्रमाच्या कार्डावर रुग्णाच्या हृदयात धातूची झडप आहे याची नोंद करायला रकाना नाही. आहाराचेही तसेच. हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते म्हणून त्या कायमच्या बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या घरात मेथी, शेपू, तांदुळजा हेच काय ते पोषण, तिथे हा सल्ला क्रूर आहे आणि वैद्यकीयदृष्ट्याही अडाणीपणाचा आहे. भाजी रोज सारख्या प्रमाणात खावी आणि गोळी त्या आहाराला जुळवून घ्यावी, हे योग्य. नवरात्राचे नऊ दिवस केवळ साबुदाणा आणि दाणे खाल्ले तर आकडा हलतो, हे रुग्णाला मराठीत, त्याच्या घरातल्या शब्दांत सांगितले पाहिजे. डिस्चार्जचे कार्ड मात्र इंग्रजीत असते आणि ते वाचणाऱ्याच्या नव्हे तर लिहिणाऱ्याच्या सोयीचे असते.

स्त्रियांच्या बाबतीत हे सगळे आणखी कठीण होते. गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठते, आणि त्याच काळात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत, वॉर्फरिनमुळे बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. मात्रा दिवसाला पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ही शक्यता वाढते. त्यावर उपाय आहेत. कमी मात्रा लागत असेल तर गोळी चालू ठेवता येते, जास्त लागत असेल तर त्या आठवड्यांत गोळीऐवजी हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची इंजेक्शने देता येतात, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा हेपॅरिनवर आणून बाळंतपण नियोजित करता येते. प्रत्येक टप्प्यावर चाचणी लागते आणि हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ एकमेकांशी बोलावे लागतात. प्रत्यक्षात काय होते? गर्भ राहिल्याचे कळताच, या गोळीने बाळ खराब होते असे कुणीतरी सांगते, गोळी बंद होते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती स्त्री अडकलेली झडप घेऊन अतिदक्षता विभागात येते. गुठळी विरघळवणारे औषध द्यावे तर रक्तस्रावाची भीती, पुन्हा शस्त्रक्रिया करावी तर बाळ जगण्याची खात्री नाही. हा प्रसंग टाळण्याची जागा शस्त्रक्रियेआधी आहे. जिला मूल हवे आहे अशा तरुण स्त्रीला दोन्ही झडपांचे फायदे-तोटे तिच्या सासरच्या माणसांना बाजूला ठेवून समजावले गेले पाहिजेत, आणि मूल नको असेल तर हार्मोनच्या मिश्र गोळ्यांऐवजी तांबी सुचवली गेली पाहिजे. योजनेच्या पूर्वमंजुरीच्या अर्जासोबत इकोचा अहवाल लागतो, रेशनकार्ड लागते. असे समुपदेशन झाल्याची नोंदही का लागू नये?

मराठवाड्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करतो, कारण तिथे आपली सगळी रचनाच कोलमडते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या पाच-सहा महिन्यांत गावातली आशाताई, गावातले उपकेंद्र, ओळखीचा दुकानदार, यांतले काहीच सोबत नसते. पालावर राहणारी, पहाटे फडात जाणारी झडपवाली बाई चाचणीसाठी कुठे जाणार? मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याने स्थापन केलेले आहे. आपले खाते आणि हे महामंडळ या दोन यंत्रणांनी एकत्र बसून स्थलांतर करणाऱ्या अशा रुग्णांची यादी तरी करावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

कुणी म्हणेल, आता चाचणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत, त्या द्याव्यात. यांत्रिक झडपेच्या रुग्णांना त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान या औषधाची यांत्रिक झडपांसाठीची चाचणी २०१२ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण त्या गटात गुठळ्याही अधिक झाल्या आणि रक्तस्रावही. ऱ्हुमॅटिक हृदयविकारात ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही जुन्या पद्धतीची गोळीच रिव्हरोक्सॅबान या नव्या गोळीपेक्षा सरस ठरली. म्हणजे जुनी गोळी आणि तिची चाचणी, यांना सध्या तरी पर्याय नाही.

मग करता काय येईल? बोटाच्या टोकाच्या एका थेंबावर मिनिटभरात आयएनआर सांगणारे हातात मावणारे यंत्र अनेक वर्षांपासून बाजारात आहे. साखर तपासण्याच्या यंत्राइतकेच ते सोपे आहे. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि डोंगराळ भागातल्या निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवावे, आणि त्यात लागणाऱ्या चाचणीच्या पट्ट्यांचा पुरवठा खंडित होऊ देऊ नये. यंत्र आले आणि पट्ट्या संपल्या ही आपल्याकडची नेहमीची कथा आहे, म्हणून हे वेगळे लिहावे लागते. वॉर्फरिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या ज्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी कक्षातून दरमहा मिळतात, तिथूनच तीही मिळावी, आणि एका जिल्ह्यात एकच औषध ठेवावे, म्हणजे अदलाबदलीचा धोका उरणार नाही. मात्रा ठरवण्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञ लागत नाही. आकडा थोडा हलला तर आठवड्याच्या एकूण मात्रेत पाच ते वीस टक्क्यांचा फेरफार, असा लिखित तक्ता प्रशिक्षित समुदाय आरोग्य अधिकारी वापरू शकतो, आणि आकडा धोक्याच्या पट्ट्यात गेला तर ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेवर तज्ज्ञाला विचारू शकतो. रक्तस्राव झाल्यास गोळीचा परिणाम उतरवणारे के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि गोठवलेला प्लाझ्मा कुठे मिळेल, हे त्याच तक्त्यावर लिहिलेले असावे.

रुग्ण शोधायचे कसे, हा प्रश्न तर सोसायटीने विचारूच नये. योजनेत रुग्णालयाने पैशांसाठी केलेल्या दाव्यासोबत बसवलेल्या झडपेचे क्रमांक असलेले स्टिकर जोडले जाते. नाव, गाव आणि झडपेचा प्रकार, सगळे आपल्या संगणकात आधीच आहे. ते पैसे चुकते करण्यासाठी वापरले जाते, रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी मात्र नाही. ही यादी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पोहोचली तर कोण किती महिने चाचणीला आलेले नाही, हे एका दुपारी कळेल. योजनेतील पाठपुराव्याची पॅकेजेस ठरावीक मुदतीची आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी बांधलेली असून उपयोगाची नाहीत. झडप जन्मभराची आहे, म्हणून पाठपुरावाही जन्मभराचा आणि कुठल्याही सरकारी केंद्रात मिळणारा असावा. हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी याच राज्याने जिल्हा पातळीवर डे केअर केंद्रे उभी केली आणि महागडी इंजेक्शने मोफत दिली. तिथे रक्त गोठत नाही, इथे ते गोठू द्यायचे नाही. प्रशिक्षित माणसे, शीतकपाट आणि नोंदवही दोन्हीकडे लागते.

एक गोष्ट राहून जाऊ नये. झडप बदलली म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येणार नाही असे नाही. उरलेल्या झडपांना धोका असतोच. त्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन द्यावे लागते. हे इंजेक्शन स्वस्त आहे, म्हणूनच की काय, ते वारंवार मिळेनासे होते. मिळाले तरी रिअ‍ॅक्शनच्या भीतीने अनेक डॉक्टर ते टोचायला तयार नसतात, आणि रक्त पातळ असलेल्या रुग्णाच्या स्नायूत सुई घालायला तर आणखीच घाबरतात. आयएनआर आवाक्यात असेल तर सावधपणे टोचून, जागा नीट दाबून धरून ते देता येते, नाहीतर तोंडाने घेण्याचे पेनिसिलिन देता येते. यासंबंधी खात्याचे एक स्पष्ट परिपत्रक निघाले तर कितीतरी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडेल.

संपूर्ण राज्यात हे एकदम होणार नाही, हे मी जाणतो. म्हणून विनंती एवढीच की यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी बीड जिल्ह्यापासून आरंभ करावा. तिथल्या झडपेच्या रुग्णांची यादी योजनेच्या दाव्यांतून काढावी, स्थलांतरापूर्वी प्रत्येकाची चाचणी करून तीन महिन्यांच्या गोळ्या आणि मराठीतले कार्ड हाती द्यावे, आणि ते ज्या कारखान्यांच्या परिसरात जातात तिथल्या ग्रामीण रुग्णालयांत यंत्र आणि पट्ट्या पोहोचवाव्यात. कार्डाचा मसुदा, मात्रेचा तक्ता आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, यांसाठी राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील हृदयशस्त्रक्रिया विभागांना पत्र पाठवावे. वेळ द्यायला तयार असलेले सहकारी तिथे आहेत, आणि त्यांच्यासोबत मीही आहे.

आपला विश्वासू,
एक हृदयशल्यचिकित्सक